चाकातला खेळ

चाकाला थोडा खेळ लागतोच. अजिबात खेळ नसलेलं चाक फिरत नाही. बळंच फिरवलं तर तापतं. हे मला पहिल्यांदा कळलं ते मोटारीमुळं नव्हे, आमच्या गावच्या सुतारामुळं. कादवेच्या काठचं आमचं गाव, निफाड तालुक्यातलं. माझ्या लहानपणी द्राक्षबागा आलेल्या होत्या, ट्रॅक्टरही होते, तरी पाच-पंचवीस बैलगाड्या अजून चालत होत्या, आणि त्यांच्या चाकांचा डॉक्टर म्हणजे सुतार. मधे तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांना कवेत घेणारं लाकडी कडं आणि त्यावर लोखंडी धाव. धाव बसवायची ती गोवऱ्यांच्या जाळात लालभडक करून. तापून पसरलेलं लोखंड चटकन चाकावर चढवायचं आणि लगेच पाणी मारायचं. आकसलेली धाव सगळं लाकूड असं आवळून धरते की बघत राहावं. पण चैत्र-वैशाखात लाकूड वाळून आकसतं नि तीच धाव सैल पडते. मग गडी चाकं काढून कादवेच्या डोहात भिजत टाकायचे. आम्हा पोरांना पोहताना टेकायला तेवढीच जागा.

सुताराची चाक तपासायची रीत न्यारी होती. गाडीवाल्याला तो काही विचारायचा नाही. गाडी पुढं घालायला सांगायचा आणि आपण मागं राहून मातीतली चाकोरी बघायचा. नीट चाकाची चाकोरी सुतात असते. आखावर चाक सैल झालं असेल तर चाकोरी सापासारखी वळवळत जाते. पुढं बसून बैल हाकणाऱ्याला ही रेघ कधीच दिसत नाही, कारण ती त्याच्या पाठीमागं पडत असते.

आमच्या तात्यांची जीप मात्र डांबरावर चालायची. डांबरावर चाकोरी उमटत नाही.

तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. नव्वदच्या दशकात पिंपळगाव बसवंतहून नाशिकला एसटीखेरीज जायचं तर काळी-पिवळी जीप, आणि त्या रांगेत तात्यांची कमांडर जीप. कोकणगाव, ओझर, आडगाव अशी माणसं चढवत-उतरवत आग्रा रोडनं आडगाव नाक्यापर्यंत. अंतर तीसेक किलोमीटर, दिवसाला चार-पाच फेऱ्या. पासिंग किती सीटचं होतं ते जीपवर रंगवलेलं असे, आणि त्याच्याकडं कोणी बघत नसे. मागं दोन्ही बाकांवर पाच-पाच, मधे खाली दोन, पुढं तात्यांच्या डाव्या हाताला तीन, आणि फळीवर लोंबकळणारे वेगळे. मी तेव्हा नाशिकला कॉलेजात होतो. घरचाच असल्यानं पुढं बसायचो, गिअरच्या दांड्याला पाय लागू नये म्हणून गुडघे आवळून.

तात्या गाडी चांगली चालवायचे, हे सगळी लाइन कबूल करायची. त्या जीपचं स्टेअरिंग साधारण पन्नासच्या पुढं गेलं की थरथरायला लागायचं. जीप डावीकडं थोडी सरकायची, तात्या उजवीकडं आणायचे. पुन्हा सरकायची, पुन्हा आणायचे. बोलत बोलत, विडी पेटवत, भाड्याचे सुटे पैसे मोजतसुद्धा. त्यांच्या हातांचं हे काम एवढं बेमालूम चालायचं की जीप सरळ चालली आहे असंच वाटावं. मला वाटायचं, जीप चालवणं म्हणजेच हे, स्टेअरिंग सारखं डावं-उजवं हलवत राहणं. सिनेमात नाही का हलवत?

एकदा तात्या तापानं पडले. फेरी बुडू नये म्हणून लाइनवरच्याच एका दुसऱ्या ड्रायव्हरला जीप दिली. सकाळची गर्दी होती, ओझरच्या कारखान्यात जाणारी मंडळी, आडगावची भाजीवाली बाई, मी. कोकणगाव सोडलं आणि गड्याचा चेहरा बदलला. दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून तो चाळिसावर आला. ओझरला त्यानं जीप कडेला घेतली, किल्ली काढली आणि म्हणाला, "ही गाडी मी पुढं नेत नाय. चाकं माझं ऐकत नायत."

लोकांनी त्याला काय काय ऐकवलं! "तात्या रोज आणतात, तुला काय झालं?" "नवीन हाये का रं?" भाजीवाली बाई तर म्हणाली, हात कापतात तर घरी बसावं. त्यानं कोणाशी वाद घातला नाही. भाडंही घेतलं नाही. दुसरी जीप थांबवून सगळ्यांना तीत कोंबलं आणि आमची जीप वीसच्या स्पीडनं माघारी आणली.

तात्यांना हा अपमान वाटला. अंथरुणातून उठून बसले. "पाच वर्षं चालवतोय. एकदा तरी काही झालं का? सांग ना, झालं का?"

काही झालं नव्हतं, हे खरंच होतं.

ह्याच वाक्याची गाठ मला पुढं एका इंग्रजी निबंधात पडली. डब्ल्यू. के. क्लिफर्ड नावाचा इंग्रज गणिती होता, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी गेला. त्यानं १८७७ साली 'द एथिक्स ऑफ बिलीफ' हा निबंध लिहिला, म्हणजे एखादी गोष्ट खरी मानण्यातली नीती. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं, बांधणी मुळातच बेताची, दुरुस्त्या कैक वेळा झालेल्या. परदेशी स्थायिक व्हायला निघालेली कुटुंबं त्यातून जाणार आहेत. मालकाच्या मनात शंका येते, की आधी गोदीत घालून तपासून घ्यावं. पण खर्चाचं काम. मग तो स्वतःला समजावतो. इतक्या सफरी ह्या जहाजानं सुखरूप केल्या, वादळं सोसली. ह्याही वेळी परत येईल, देव आहे. हळूहळू त्याची खरोखर खात्री पटते. जहाज निघतं आणि भर समुद्रात बुडतं. मालक विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्ड म्हणतो, हा माणूस त्या मृत्यूंचा दोषी आहे. त्याची खात्री प्रामाणिक होती हे खरं, पण तशी खात्री बाळगायचा हक्कच त्याला नव्हता. आणि पुढं तो जे म्हणतो त्यानं मी हादरलो: समजा, जहाज बुडालं नसतं, सुखरूप पोचलं असतं, तर? तरी त्याचा दोष तसूभर कमी होत नाही. फक्त तो उघडकीला आला नसता.

निबंध वाचला तेव्हा तात्या डोळ्यापुढं आले. आणि मी त्यांची वकिली करायला लागलो, मनातल्या मनात. जहाजमालकाच्या मनात शंका आली होती, ती त्यानं दाबली. तात्यांच्या मनात शंका आलीच नव्हती. येणार कशी? गाडी एका दिवसात लहरायला लागत नाही. चाक रोज केसभर सैल होतं आणि हात रोज केसभर जास्त सांभाळतात. दोघांची वाढ बरोबरीनं होते. बिघाड वाढत गेला तसा तो झाकणारा सराव वाढत गेला, आणि तात्यांच्या अंगातच वाढत गेला, त्यांना न विचारता. ह्याला खोटेपणा म्हणायचं? माणूस स्वतःच्या कौशल्यानं आंधळा होत असेल तर त्या आंधळेपणाचा दोष कोणाच्या माथी?

आमच्या आजीला ह्यावर एक कथा आठवली असती. कीर्तनात ऐकलेली ती नेहमी सांगायची. दशरथ देवांच्या बाजूनं लढायला गेला, बरोबर कैकेयी. ऐन लढाईत रथाच्या आखाची खीळ मोडली. चाक निसटणार, तेवढ्यात कैकेयीनं खिळीच्या जागी आपला हात घातला आणि चाक सावरून धरलं. दशरथ आपला बाण मारतोय, त्याला पत्ताच नाही. लढाई जिंकल्यावर त्यानं ते पाहिलं आणि खूश होऊन दोन वर दिले. ते वर तिनं पुढं कधी नि कसे वसूल केले ते सगळ्यांना ठाऊक आहे. आजी कथा सांगायची ती कैकेयीच्या शौर्याची म्हणून. मला त्यात आता दुसरंच दिसतं. चाकाच्या खिळीचं काम हातानं भागवलं, त्या वेळी निभावलं, पण त्याचं बिल कैक वर्षांनी आलं आणि ते भरलं रामानं. चौदा वर्षं वनवास, आणि त्यातला काही काळ आमच्या पंचवटीत. एका अर्थी राम नाशकात आला तो मोडक्या खिळीमुळं. असा अर्थ कुठले बुवा सांगत नाहीत, आणि मीही तो काळाराम मंदिराच्या पायऱ्यांवर उभा राहून सांगणार नाही.

तर तात्या. बरं वाटल्यावर त्यांनी जीप नाशिकच्या एका गॅरेजात नेली. सांगितलं, स्टेअरिंग थरथरतं म्हणतात. तिथल्या माणसानं पुढचे टायर बदलायला लावले, कारण ते एका बाजूनं, खड्डे खड्डे पडल्यासारखे झिजले होते. व्हील बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केलं. शिवाय स्टेअरिंग बॉक्स आवळून दिला. जीप एकदम सुतासारखी चालली, चार दिवस. मग पुन्हा तेच.

ह्यात त्या गॅरेजवाल्यानं फसवलं असं मी म्हणत नाही. त्यानं केलेल्या प्रत्येक कामाचा गुण आला होता. स्टेअरिंग बॉक्स आवळला की थरथर हातापर्यंत पोचत नाही. टायर नवे आणि तोललेले असले की चाकाला हेलकावा द्यायला निमित्त कमी मिळतं. पण निमित्त वेगळं आणि कारण वेगळं. झिजलेला टायर हा आजार नव्हता, आजाराची खूण होती. तीच काढून फेकून दिली. आणि सैल सांध्यांवर अलाइनमेंटचं माप घेणं म्हणजे डुलत्या तराजूत सोनं तोलणं. दुखतं तिथं लेप लावायचा, ही रीत गॅरेजातच असते असं थोडंच आहे?

ओझरच्या फेरीनंतर बारा दिवस जीप रोज चालली. त्यातले चार सुतासारखे, बाकीचे लहरत. मी तात्यांना दोनदा म्हटलं, दाखवा एकदा दुसऱ्याला. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ते चिडले. तेराव्या दिवशी काय वाटलं कोण जाणे, जीप घेऊन पिंपळगावातल्या एका म्हाताऱ्या मिस्तरीकडं गेले. मी बरोबर होतो.

मिस्तरी लिंबाखाली खाटेवर बसलेला. तात्या सांगायला लागले तसा त्यानं हात वर केला. "तुम्ही थांबा. शेजारी कोण बसतं?" मी म्हटलं, मी. "मग तू सांग. किती स्पीडला?" पन्नासला सुरू होतं. "भरलेली असताना जास्त, का रिकामी?" मागं गच्च भरलेली असताना जास्त. त्यानं मान हलवली. मागं वजन वाढलं की जीपचं तोंड हलकं होतं, पुढच्या चाकांची जमिनीवरची पकड सुटते, असं काहीसं म्हणाला. "आवाज?" घूं असा येतो. "वळणावर वाढतो? कोणत्या?" डावीकडं वळताना. "मंग उजवं चाक," तो म्हणाला. डावीकडं वळताना गाडीचा सगळा भार उजव्या चाकावर येतो. दुखणारा पाय भार पडला की कण्हतो.

तात्या बाजूला उभे. पाच वर्षं जीप त्यांनी चालवली होती, आणि यातलं एकही उत्तर त्यांना देता आलं नसतं. त्यांनी तो आवाज ऐकलाच नव्हता. आम्हाला पिठाच्या गिरणीचा आवाज ऐकू यायचा, गिरणीवाल्याला येत नसे, तसंच.

मागच्या चाकांना दगड लावून उजवं चाक जॅकवर उचललं. मिस्तरीनं एक हात चाकाच्या माथ्यावर ठेवला, दुसरा तळाशी, आणि चाक पुढं-मागं हलवलं. टक्. पुन्हा. टक्. मग हात आडवे धरून, डाव्या-उजव्या बाजूंनी हलवलं. तिथं फारसं काही नव्हतं, म्हणजे टायरॉड ठीक. मग पोऱ्याला म्हणाला, "ब्रेक दाबून धर." ब्रेक दाबलेला असताना पुन्हा वर-खाली धरून हलवलं. टक् बारीक झालं, पण गेलं नाही. "आधी होतं तेवढं सगळं गेलं असतं तर नुसती बेरिंग. राहिलं थोडं, म्हणजे किंगपिनपण गेली." ब्रेक दाबला की चाक मागच्या सांध्याशी एकजीव होतं, बेरिंगचा खेळ मिटतो, त्याउपर जे हलतं ते पलीकडचं. इतकी साधी, बिनयंत्राची परीक्षा. दोन हात आणि एक पोऱ्या.

हब उघडला. ग्रीस कुठं होतं? तांबूस, चहातल्या सायीसारखं काहीतरी. पावसाळाभर फरशी पुलावरच्या पाण्यातून जीप आणलेली, ते पाणी आत गेलेलं. बेरिंगच्या रोलरांवर देवीचे वण असावेत तसे खड्डे. मिस्तरीनं एक रोलर माझ्या तळहातावर ठेवला. "ह्याच्यावर पंधरा माणसं बसली होती," एवढंच म्हणाला, आणि कामाला लागला.

नव्या बेरिंगचा नट त्यानं आधी चांगला आवळला, चाक फिरवून बघितलं, आणि मग थोडा मागं सोडला. मला सुतार आठवला. जास्त आवळला तर तापून जळेल, सैल सोडला तर पुन्हा लहरेल. बरा खेळ आणि वाईट खेळ यांच्या मधे पान्याचा एवढासा फेरा. त्याला तो बोटांना कळत होता. त्याचीही सवयच, पण ती त्याला आंधळं करत नव्हती. का? मी बराच काळ ह्या प्रश्नाशी घुटमळलो. मला वाटतं, कारण त्याच्यापुढं रोज वेगळी गाडी येत होती. तात्यांपुढं रोज एकच.

ओझरच्या कारखान्यातले एक गृहस्थ आमच्या जीपनं जायचे. मिग विमानांसाठी १९६४ साली निघालेला तो एचएएलचा कारखाना. ही हकिकत ऐकून ते म्हणाले, "आमच्याकडं पार्टाचे तास मोजतात. तास भरले की काढायचा. चांगला वाटतो का वाईट, हे कोणी विचारत नाही." तात्या हसले. म्हणाले, "तुमच्या विमानाला सरकार आहे. माझ्या जीपला मीच." उत्तर बिनतोड नव्हतं, पण खोटंही नव्हतं. माणसाच्या वाटण्यावर विसंबायचं नाही, असं ठरवायला आधी कोणीतरी वही घालावी लागते आणि वहीला भ्यावं लागतं.

आणि वही असली म्हणजे झालं, असंही नाही. ३ जून १९९८ला जर्मनीत एशेडे नावाच्या गावाजवळ ताशी दोनशे किलोमीटरनं धावणारी रेल्वे उलटली आणि १०१ माणसं गेली. कारण वाचून मी चमकलो: चाकाची धाव. आपल्या बैलगाडीसारखीच, चाकावर चढवलेली पोलादी धाव, मधे रबराचा थर, प्रवाशांना थरथर जाणवू नये म्हणून. ती धाव आतून चिरत गेली आणि तुटली. त्या डब्यातून आवाज येतो, थरथर येते, अशा तक्रारी गाडीवरच्या कर्मचाऱ्यांनी आधीचे दोन महिने नोंदवल्या होत्या. धाव तुटल्यावर लोखंडाची पट्टी डब्याची जमीन फोडून बाकांमधून वर आली. एक प्रवासी उठून कंडक्टरला सांगायला गेला. कंडक्टर म्हणाला, आधी बघतो. साखळी ओढायच्या आत गाडी उलटली होती. पुढं तीन अभियंत्यांवर खटला चालला आणि २००३ साली कोणालाही दोषी न ठरवता संपला.

"आधी बघतो" म्हणणाऱ्या त्या कंडक्टरला मी दोष देऊ शकत नाही. दिवसाला दहा माणसं दहा शंका घेऊन येतात. प्रत्येक वेळी साखळी ओढली तर गाडी चालायची कशी? पण सांगणारा परका असला, नवखा असला, तिकीट काढून बसलेला असला की आपण त्याचं कमी ऐकतो, हेही खरं. आमच्या ओझरच्या ड्रायव्हरचं कोणी ऐकलं? सतरा माणसांत जीपची खरी अवस्था माहीत असलेला तो एकटा होता, आणि शिव्या त्यालाच बसल्या. शिव्या देणारे तात्या नव्हते, ज्यांचा जीव त्यानं राखला ती माणसं होती.

म्हणून तात्यांची वकिली मी अर्ध्यावर सोडतो. पाच वर्षांचं मी त्यांना माफ करतो. तेवढा काळ त्यांचे हात त्यांच्याशी खोटं बोलत होते. पण ओझरनंतरचे बारा दिवस? त्या दिवसांत त्यांना सांगितलं गेलं होतं, एकदा नव्हे तीनदा. टायर बदलून त्यांनी खर्चही केला होता, मन शांत करण्यापुरता. आणि थरथर परत आल्यावर मात्र फेऱ्या थांबवल्या नाहीत. रोजच्या पाच फेऱ्या धरल्या तरी माणसं मोजा. क्लिफर्डच्या जहाजासारखीच ती सगळी सुखरूप पोचली, घरी जाऊन जेवली. त्यांच्यातल्या कोणाला आजही हे माहीत नाही. पण माझ्या तळहातावर तो रोलर ठेवला गेला आहे, त्यामुळं "काही झालं नाही ना" हे मला तेवढ्या सहज म्हणता येत नाही. ते माझे सख्खे चुलते होते, माझ्या कॉलेजची फी त्याच फेऱ्यांतून भरली गेली, हेही इथं सांगायला हवं. न्याय करणाऱ्यानं कोणाचं मीठ खाल्लंय ते वाचणाऱ्याला कळलेलं बरं.

दुरुस्तीनंतरची गंमत राहिली. पहिले दोन-तीन दिवस तात्यांना ती जीप धड चालवता येईना. चाक सरळ चाललेलं, आणि हात आपले जुन्या हिशेबानं उजवीकडं ओढणार. जीप हिसका मारणार. पहिल्यांदाच प्रवाशांनी तक्रार केली. भाजीवाली बाई म्हणाली, "तात्या, आज गाडी का वं अशी नाचवता?" तात्या काही बोलले नाहीत. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून, विडी न पेटवता, आडगाव नाक्यापर्यंत गेले.

पुढं दरवर्षी पाऊस सरला की ते लाइनवरच्या त्याच ड्रायव्हरला बोलावून एक फेरी मारायला लावायचे आणि आपण शेजारी बसायचे. त्याला चहा नि फेरीचं भाडं. दोघांत बोलणं फार होत नसे. काही वर्षांनी जीप विकायला काढली तेव्हा दिंडोरीकडचा एक जण बघायला आला. "गाडी कशी हाये?" त्यानं विचारलं. "मला नका विचारू," तात्या म्हणाले आणि किल्ली त्याच्या हातात दिली. तो ओझरपर्यंत जाऊन आला आणि डाव्या चाकाचं काम निघतं म्हणून दोन हजार कमी केले. तात्यांनी घासाघीस केली नाही.